आरसा कुणाच्या उंचीचा?

मैत्रिणींनो, लग्नानंतर १२ वर्षं मी टाचा उंचावून टिकली लावली. बेसिनवरचा आरसा यांच्या दाढीच्या हिशेबानं टांगलेला! दोष तरी कुणाला द्यायचा? माप घेतलं जात होतं तेव्हा मी आत चहा टाकत होते.

यंदा खोलीत मोठा आरसा करायचा ठरला, तेव्हा टेप मीच हातात घेतली. डोक्यापासून पायांपर्यंत दिसायला माणसाएवढा आरसा लागत नाही. उंचीच्या निम्मा पुरतो. मात्र त्याची खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर हवी. मी ५ फुटांची. मला ३० इंच पुरे, जमिनीपासून २८ इंचांवर. हे ५ फूट ८ इंच, म्हणून आरसा वरच्या बाजूनं वाढवून ४० इंची केला. आता दोघंही पूर्ण दिसतो.

कोनाड्यात बसवणार असाल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. सर्वांत कमी भरेल ते माप धरा, त्यातूनही एक सूत कमी सांगा. आपल्या भिंती कुठे सरळ असतात! कडा घासून घ्या. चिकटवायला आंबट वासाचं सिलिकॉन नको, त्यानं मागचा मुलामा खराब होतो.

ओटा असो, फळी असो की आरसा, माप घेताना तिथं स्वतः उभ्या राहा. चहा पाच मिनिटं थांबेल!