वर्षभराचे आयुष्य आणि काचेची पेटी

पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासण्यासाठी अडकवलेला समुद्रफेस अनेकांच्या परिचयाचा असतो. परंतु तो समुद्राचा फेस नसून कटलफिश या प्राण्याच्या शरीरातील कवच आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. कोकण किनाऱ्यावर माकूळ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या गोतातलाच हा जीव. तो मासा नव्हे. ऑक्टोपसप्रमाणे शीर्षपाद वर्गातील मृदुकाय प्राणी होय. त्याला तीन हृदये असतात, रक्त निळसर असते आणि त्वचेचे रंग तो क्षणार्धात पालटतो. या वैचित्र्यामुळेच अमेरिकेतील व युरोपातील काही हौशी मंडळी त्याला घरच्या मत्स्यपेटीत पाळतात.

असा प्राणी विकत घेताना किमतीची व पेटीच्या आकारमानाची चौकशी साहजिकच होते. परंतु सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न त्याच्या आयुष्याचा आहे. पेटीत पाळल्या जाणाऱ्या सेपिया बँडेन्सिस या बुटक्या जातीचे आयुष्य सुमारे एक वर्षाचे असते. युरोपच्या किनाऱ्यावरील सेपिया ऑफिसिनॅलिस एक ते दोन वर्षे जगतो. प्रजननानंतर त्याचे अन्न सुटू लागते, जखमा भरेनाशा होतात आणि अंत ओढवतो. कितीही निगा राखली तरी हा क्रम टळत नाही.

‘नाही तरी वर्षभरच जगणार, मग एवढा विचार कशाला?’ असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद वरवर व्यवहारी वाटला, तरी तो उलटा आहे. वर्षभराच्या आयुष्यातील एक महिना म्हणजे बहात्तर वर्षांच्या मानवी आयुष्यातील सहा वर्षे. अस्वच्छ पाण्यात वा उपासमारीत गेलेला महिना म्हणूनच क्षुल्लक ठरत नाही.

समुद्रातून पकडून आणलेल्या प्रौढ प्राण्याचे वय दुकानात कोणालाच निश्चित सांगता येत नाही. त्याचे कदाचित काही आठवडेच उरलेले असतात. तो मेला की दुसरा आणावयाचा, हा परिपाठ पडला तर पेटी सुशोभित होईल. समुद्र मात्र उणा होत जाईल. याउलट अंडी अथवा बंदिस्त अवस्थेत जन्मलेली पिले घेतली, तर वयाचा अंदाज राहतो. अर्थात त्या पिलांना जिवंत, बारीक कोळंबीसदृश खाद्य दररोज पुरवावे लागते. ज्याला हे जमणार नाही, त्याने हा मोह टाळावा हेच उचित.

हा जीव जाणिवेने दुबळाही नाही. अधिक आवडते भक्ष्य मिळावे म्हणून तो समोरचे भक्ष्य सोडून दोन मिनिटांपर्यंत थांबू शकतो, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. ब्रिटनने 2022 च्या कायद्याने शीर्षपाद प्राण्यांना संवेदनशील जीवांत स्थान दिले. प्रयोगशाळेने व कायद्याने ज्याची दखल घेतली, त्याची दखल दिवाणखान्यानेही घ्यावयास हवी. जो प्राणी अधिक चांगल्या घासासाठी संयम पाळतो, त्याला विकत घेणाऱ्याने निदान तेवढा संयम दाखवावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.