आकाशातला तराजू

परवा शिर्डीत एक सुशिक्षित गृहस्थ मला म्हणाले, "विहिरी मोजता कशाला? आता उपग्रहच पाताळातले पाणी तोलतात." या अर्धवट शहाणपणाशी माझे भांडण आहे.

२००२ साली सोडलेले 'ग्रेस'चे जुळे उपग्रह सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून पृथ्वीभोवती फिरत. खाली वस्तुमान अधिक असले की पुढचा आधी ओढला जाई. अंतरातला केसाहून बारीक फरक टिपून शास्त्रज्ञ पाण्याची घट-वाढ काढीत. पंजाब, हरियाणा, राजस्थानातला भूजलाचा बेसुमार उपसा त्यातूनच २००९ साली जगापुढे आला. २०१८ पासून त्यांचे वारस फिरत आहेत. त्यांना माझा दंडवत!

पण या तराजूचे पारडे शेकडो किलोमीटरांचे. त्यात शिर्डी सोडाच, अख्खा अहिल्यानगर जिल्हाही वेगळा तोलता येत नाही. जायकवाडीचे, मातीतले, विहिरीतले पाणी एकाच वजनात येते. आणि आमचा काळा पाषाण असा, की एका विहिरीला झरा लागतो, शेजारची ठणठणीत कोरडी.

मोजणी आकाशावर सोपवली, की खाली ऊस लावायला अन् बोअर पाडायला आपण मोकळे! याच जिल्ह्यातले हिवरे बाजार पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते, मग पीक ठरवते.

त्या गृहस्थांपुढे मी दोरी धरली. म्हणाले, "ऊन फार आहे हो."