दस्ती म्हणजे मास्क नव्हे



पोळा झाला, दसरा तोंडावर आलाय. सोयाबीन काढणीला यायच्या आत ट्रॅक्टर, मळणीयंत्र, ट्रॉली धुऊन-पुसून ठेवायचे हे दिवस. खंडेनवमीला अवजारं पुजायची म्हणजे ती उजळ दिसायला पाहिजेत. गॅरेजवाल्याला नांदेडला किंवा लातूरला गाडी नेऊन द्यायची, चार दिवस थांबायचं आणि वर तो सांगेल तो भाव द्यायचा, त्यापेक्षा घरीच रंग मारू म्हणणारी पोरं आता गावोगाव झालीत. त्यात वाईट काहीच नाही. पैसा वाचतो, हात बसतो. माझं भांडण रंगाशी नाही, तोंडाला बांधलेल्या दस्तीशी आहे.

परवा पुतण्यानं जुन्या चारचाकीचा बंपर आणि ट्रॅक्टरचं बोनेट रंगवायला काढलं. जागा कोणती? आखाड्यावरची पत्र्याची खोली. रंगावर धूळ बसू नये म्हणून दार लावलेलं, खिडकीला पोतं कोंबलेलं. आत बियाण्याची पोती, भिंतीपलीकडं कडब्याची गंजी. मी गेलो तेव्हा पोरगं बाहेर भिंतीला धरून उभं होतं. डोळे लाल, तोंड पांढरं.

"काय झालं रे?"

"काई नाई काका, वासानं जरा गरगरायलंय. गूळ खाल्ला की बरं वाटतंय."

हे जे 'काई नाई' आहे ना मंडळी, यानंच आपला घात केलाय.

२०१७ आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतर सभा झाल्या, पत्रकं निघाली, सुरक्षा किट वाटली. ती किट आज कुठं आहेत? बऱ्याच घरी माळ्यावर, पिशवीसकट. आणि फवारणीला आपण अजूनही दस्तीच बांधतो. तीच दस्ती बांधून आता थिनर मिसळलेला रंग उडवायला लागलोत. औषधाच्या डब्यावर निदान विषाचा त्रिकोण तरी असतो. रंगाला आपण विष मानतच नाही.

दस्ती काय करते ते नीट समजून घ्या. मोठे थेंब थोडे अडवते. थिनरची वाफ तिच्यातून सरळ आत जाते. ओली करून बांधली तरी जाते. उलट कापडात मुरलेला रंग नाकातोंडाला चिकटून बसतो आणि तासभर तोच हुंगत राहता. कोरोनातला एन-९५ मास्कही वाफेला चालत नाही, तो धुळीसाठी आहे. घासकाम करताना तोच लावा. फवाऱ्याच्या वेळी मात्र दोन बाजूंना डब्या असलेला रबरी मास्क लागतो. त्या डब्यांत वाफ शोषणारा खास कोळसा असतो आणि वर कणांसाठी गाळणी. मास्क लावल्यावरही वास यायला लागला, तर डबी संपली किंवा मास्क नीट बसला नाही. दाढी वाढलेली असेल तर तो बसतच नाही. काम झालं की डब्या घट्ट पिशवीत बांधून ठेवा, उघड्या राहिल्या तर त्या तशाच वाया जातात.

आणि गूळ? गुळानं छातीतली वाफ निघत नाही. दुधानंही निघत नाही. गूळ खा, दूध प्या, पण औषध म्हणून नको.

आता नेहमीचं उत्तर येईल : "आमचा पेंटर २० वर्षांपासून बिनमास्कचा मारतो, त्याला काय झालं?" बाबांनो, ज्याला झालं तो धंदा सोडून घरी बसला. तो तुम्हाला दिसत नाही. जो टिकला तेवढाच दिसतो. विहिरीत पडून वाचलेल्याला विचारून विहिरीची खोली ठरवायची का?

सगळ्यात मोठी गोष्ट 'टू-के' रंगाची. ज्यात रंगाच्या डब्यासोबत हार्डनरची वेगळी बाटली येते, तो रंग. गाडीला चकाकी येते म्हणून पोरं तोच मागतात. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गाड्या रंगवणाऱ्यांना दमा लावणारं हे जगभर ओळखीचं कारण आहे. एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला की पुढं थोड्याशा वासानंही दम लागतो, आणि तो आयुष्यभर पाठ सोडत नाही. त्याचा धोका वासावरून कळत नाही, त्रास कधी कधी रात्री सुरू होतो. मोठ्या कारखान्यात हा रंग मारणारा माणूस बाहेरून नळीनं आलेली स्वच्छ हवा घेतो. ती सोय आखाड्यावर नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे : हार्डनरचा रंग घरी फवारायचाच नाही. तेवढं काम सोय असलेल्या गॅरेजला द्या. घरी साधा एका डब्यातला रंग किंवा स्प्रेचा डबा वापरा. चकाकी थोडी कमी येईल, येऊ द्या.

ज्यांना घरी करायचंच आहे, त्यांच्यासाठी :

पार्ट खोलून बाहेर आणा. रंग खोलीत नाही, अंगणात किंवा तिन्ही बाजूंनी उघड्या शेडमध्ये मारायचा. वारा पाठीवर किंवा बाजूनं घ्या, तोंडावर नाही. फवारणीला पाळता तोच नियम.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. चूल, बिडी, मोटारीचं स्टार्टर, वेल्डिंग यांपैकी काहीही जवळ नको. कॉम्प्रेसर लांब ठेवा, पाइप लांब घ्या. कडब्याच्या गंजीजवळ आणि सोयाबीनच्या बनमीजवळ तर नावच काढू नका. एका ठिणगीत वर्षाची वैरण जाईल.

आधी साबणानं धुऊन ग्रीस काढा. पेट्रोलनं पार्ट धुऊ नका, हातही धुऊ नका. थिनर-पेट्रोल कातडीतून अंगात जातं. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा पाहिजेच.

जुना रंग कोरडा घासू नका, जाळून काढू नका. पाणी लावून ओल्या कागदानं घासा. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगात शिसं असू शकतं. शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर आणणारा २०१६ चा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहे, गाडीच्या रंगांना तो लागू नाही. घासलेला गाळ गोठ्याकडं वाहू देऊ नका, जनावरं चाटतात. उरलेला ट्रॅक्टरचा रंग पोळ्याला बैलाच्या शिंगांनाही नको.

लोखंडाला प्रायमर, प्लास्टिकच्या बंपरला प्लास्टिकचा प्रायमर. मग वीतभर अंतरावरून, म्हणजे २० ते २५ सेंमीवरून, पातळ हात मारा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे, मधे १०-१५ मिनिटं सुकू द्या. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढरट साय धरते, म्हणून उघडीप बघा आणि दव उडाल्यावर सुरू करा. घाई करून दार लावून मारण्याचं कारणच राहत नाही. ब्रेकच्या पार्टला आणि रबराला रंग लावू नका.

स्प्रेचे डबे उन्हात, पत्र्याखाली किंवा गाडीत ठेवू नका. ५० अंशांच्या वर ते फुटू शकतात, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे.

औषधाच्या पाठीवरच्या पंपात रंग किंवा थिनर कधीच भरू नका.

आणि हात जोडून सांगतो, थिनर पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. तहानलेलं लेकरू बाटली बघतं, आत काय आहे ते बघत नाही. कुणी प्यालंच तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात जातं. डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. गरगरलं तर लगेच मोकळ्या हवेत. दम लागला तर सकाळची वाट बघायची नाही.

शेवटचं दोघांना. दुकानदारांनो, थिनर विकता तसा मास्कही काउंटरवर मांडा, गिऱ्हाइकाला विचारा. आणि कृषीवाल्या साहेबांनो, फवारणीच्या सभेत किट दाखवता तेव्हा रंगाबद्दलही दोन शब्द बोला. छाती तीच आहे, हंगाम तेवढा वेगळा.

पुतण्याचं बोनेट अजून अर्धंच आहे. मी त्याला सांगितलंय, मास्क आणल्याशिवाय गनला हात लावायचा नाही. तो फुगून बसलाय. बसू दे. खंडेनवमीला अर्ध्या रंगाचा ट्रॅक्टर पुजू. लोक हसतील तर हसू द्या.

पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर भांडायला या. चहा माझ्याकडं.