‘नीट’मधील अनुवाद आणि समान संधीचा प्रश्न

वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी होणारी ‘नीट’ परीक्षा २०२१ पासून १३ भाषांतून घेण्यात येते. मराठी ही त्यांपैकी एक. भाषा तेरा असल्या तरी गुणवत्ता यादी एकच असते. साहजिकच मराठीत किंवा तमिळमध्ये वाचलेला प्रश्न इंग्रजीत वाचलेल्या प्रश्नाइतकाच सोपा वा कठीण असतो, असे येथे गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक तपासण्याची रीत संख्याशास्त्राला ठाऊक आहे. निकालाबरोबर अशी तपासणी जाहीर करण्याचा प्रघात मात्र आपल्याकडे नाही.

२०१७ मध्ये प्रादेशिक भाषांतील प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीपेक्षा वेगळ्याच होत्या. त्यावरून वाद झाल्यानंतर २०१८ पासून एकाच प्रश्नपत्रिकेचा अनुवाद देण्यात येऊ लागला. हा बदल योग्यच होता. पण त्यामुळे सारा भार अनुवादकावर आला. त्याच वर्षी तमिळ प्रश्नपत्रिकेतील १८० पैकी ४९ प्रश्नांच्या अनुवादात चुका असल्याची तक्रार मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे आली. प्रत्येक प्रश्नाला चार याप्रमाणे १९६ गुण तमिळमधून परीक्षा दिलेल्या सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांना द्यावेत, असा आदेश खंडपीठाने जुलै २०१८ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली व नोव्हेंबरमध्ये तो रद्द केला.

एकूण ७२० गुणांच्या परीक्षेत १९६ गुण सरसकट देणे हा उपाय टिकणारा नव्हताच. चुकीच्या शब्दामुळे अडलेला विद्यार्थी आणि मुळात उत्तर ठाऊक नसलेला विद्यार्थी यांत तो भेद करीत नाही. मात्र आदेश रद्द झाल्याने तमिळ विद्यार्थ्यांचे नेमके किती नुकसान झाले, या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही.

अनुवादात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानावा, असा परीक्षेचा नियम आहे. प्रादेशिक भाषेच्या पुस्तिकेत इंग्रजी मजकूरही छापलेला असल्याने अडचण उरत नाही, असे त्याचे समर्थन करण्यात येते. परंतु २०१८ मध्ये १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे होती. शंका आली की प्रश्न दोनदा वाचायचा, तोही ज्या भाषेत शिक्षण झाले नाही त्या भाषेत, याची किंमत वेळेत मोजावी लागते. शिवाय शंका यायला हवी! मराठी शालेय पुस्तकांत ‘स्पीड’ला चाल आणि ‘व्हेलॉसिटी’ला वेग म्हणतात, व्यवहारात दोहोंना वेगच म्हटले जाते. अनुवादकाने ‘चाल’च्या जागी ‘वेग’ लिहिले, तर वाक्य निर्दोष दिसेल, विद्यार्थी इंग्रजीकडे वळणारही नाही, आणि प्रश्न मात्र बदललेला असेल.

अशा चुका शोधण्याच्या पद्धतीला ‘डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग’ची तपासणी म्हणतात. एकूण गुण सारखे असलेले इंग्रजी व तमिळ माध्यमाचे विद्यार्थी घ्यायचे आणि एखाद्या प्रश्नाचे अचूक उत्तर दोन्ही गटांतील किती जणांनी दिले ते पाहायचे. इतर प्रश्नांत बरोबरीने असणारे विद्यार्थी एकाच प्रश्नात ठळकपणे मागे पडत असतील, तर संशय त्या प्रश्नावर घ्यावा लागतो. यासाठी वापरले जाणारे एक प्रमुख सूत्र मँटेल व हेन्झेल यांनी १९५९ मध्ये रोगांच्या कारणांचा अभ्यास करण्यासाठी मांडले होते. १९८८ मध्ये अमेरिकेतील हॉलंड व थेयर यांनी ते परीक्षांना लागू केले. तेव्हापासून मोठ्या परीक्षांत ते रुळले आहे.

पद्धतीला मर्यादा आहेत. फरक अनुवादामुळे पडला की राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात तो घटकच कमी शिकवला गेल्यामुळे, हे आकडे सांगत नाहीत; तेथे विषय आणि भाषा दोन्ही जाणणाऱ्याने प्रश्न वाचावा लागतो. शिवाय चौथ्या हिश्शाहून अधिक प्रश्न वादग्रस्त असतील, तर एकूण गुण ही मोजपट्टीच दूषित होते. तमिळ प्रकरणात बरोबरी ठरवायची, तर ती उरलेल्या १३१ प्रश्नांवरून ठरवावी लागली असती. ते अशक्य नव्हते.

‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत (तमिळनाडू व हिमाचल प्रदेश २००९ च्या फेरीत सहभागी होते) दोन स्वतंत्र अनुवाद करून तिसऱ्या व्यक्तीकडून त्यांचा मेळ घालण्याची शिफारस आहे आणि वर्षभर आधी प्रश्नांची प्रायोगिक चाचणी होते. गोपनीयतेमुळे ‘नीट’चे प्रश्न असे आधी आजमावता येत नाहीत, हे खरे. परीक्षा झाल्यावर मात्र गुप्त राखण्यासारखे काही उरत नाही. उत्तरसूची जाहीर होते, तिच्यावर शुल्क भरून हरकतीही घेता येतात. लाखो उत्तरपत्रिकांतील प्रत्येक उत्तर आणि विद्यार्थ्याने निवडलेली भाषा यांची नोंद राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडे असते. हरकती निकाली काढण्यापूर्वी भाषानिहाय तपासणी केली, तर सदोष प्रश्न निकालाआधीच हाती लागतील आणि गुणांचा निर्णय प्रश्नागणिक घेता येईल. मराठीसारखी भाषा निवडणारे विद्यार्थी इंग्रजीच्या तुलनेत फार थोडे असल्याने एका वर्षाच्या आकड्यांतून केवळ ढोबळ दोषच दिसतील. अनुवादाचा एकूण दर्जा जोखण्यासाठी अनेक वर्षांची माहिती एकत्र करावी लागेल. ती संशोधकांना खुली करण्यास विद्यार्थ्यांची नावे उघड करण्याची गरज नाही.