तयार किल्ला

दिवाळीच्या सुट्टीत मुलाला घरात रमवायचे कसे, हा प्रश्न घेऊन माझी सून परवा माझ्याकडे आली. मी म्हटले, "रमवूच नकोस." तिला ते लागले असावे, पण मी थट्टा केली नव्हती. मुलांना रमवणे हे मोठ्यांचे काम आहे, ही समजूतच मला मुळात मान्य नाही. मुलांच्या हातची कामे आपण एकेक करून काढून घेतली, रिकाम्या हातांत मोबाईल दिला आणि आता तो सुटत नाही म्हणून आपणच गळा काढतो!

किल्ल्याचेच पाहा. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. त्याच दिवाळीच्या तोंडावर जिन्यातल्या फलकावर सूचना लागली: आवारात माती, विटा, दगड आणू नयेत, फरशीला डाग पडतात.

सगळे खापर कमिटीवर फोडून मी मोकळा होणार नाही. तयार किल्ला विकत आणला तो मीच. प्लास्टरचा, आठशे रुपयांचा. बुरूज रंगवलेले, गवतसुद्धा रंगवलेले. नातवाने मावळे मांडले, दहा मिनिटे पाहिले आणि विचारले, "आजोबा, आता काय करायचं?" आठशे रुपये मोजून मी त्याची चार दिवसांची चंगळ हिरावून घेतली होती.

तो किल्ला माळ्यावर गेला. गॅलरीत आम्ही राजगड बांधायला घेतला. 'आम्ही' म्हणजे तो. मी गोणपाट भिजवून देणारा. तीन माच्या तीन दिशांना काढायच्या तर मधला बालेकिल्ला किती उंच हवा, हे त्याला दोनदा ढासळल्यावर कळले. मी सांगितले असते तर कळले नसते. अळीव पेरले, ते भिजल्यावर बुळबुळीत का होतात म्हणून त्याने आईला स्वयंपाकघरात गाठले. संजीवनी माचीला दुहेरी तट आहे असे पुस्तकात निघाले, तेव्हा बांधलेला तट त्याने स्वतःच मोडला!

मग किल्ल्यांवरून किल्ले निघाले. सिंधुदुर्ग समुद्रात, तरी आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे कसे? आम्ही पेल्यात मिठाचे दाट पाणी घेतले आणि कुंकू कालवलेले साधे पाणी चमच्यावरून हळूच वर सोडले. ते वरच राहिले. बेटांवर मुरलेले पावसाचे पाणी असेच खाऱ्या पाण्यावर तरंगून राहू शकते, एवढेच मी म्हणालो. पुढचा तासभर पेला त्याच्या ताब्यात होता.

यावर कोणी म्हणेल, हल्ली यासाठी शैक्षणिक खेळण्यांची खोकी मिळतात. मिळतात, आणि त्यांत सूचनांचा कागदही असतो. म्हणजे चुकण्याची सोय तेवढी काढून घेतलेली! अरविंद गुप्तांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर मुलांना भूमिती हाताळायला लावली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, आपण टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन खोके मागवले.

"पसारा कोण आवरणार?" हे सुनेचे म्हणणे मात्र खोटे नाही. दिवसभर कचेरीत राबून आलेल्या बाईने चिखल का पुसावा? माझे उत्तर असे की तिने पुसूच नये. बांधणाऱ्याने पुसावा आणि घरातल्या निवृत्त पुरुषांनी पेपर बाजूला ठेवून बादली उचलावी. यात माझाही नंबर लागतो, हे मी जाणून आहे.

यंदा किल्ला आवारातच व्हावा असे पत्र मी कमिटीला दिले आहे. फरशी धुऊन देण्याची हमी माझी, असे लिहून खाली सही केली. शेजारी नातवानेही केली आहे, मातीच्या बोटाने.