खंडेराव, जरा गप्प बस

तेलंगणातल्या आमच्या बाजारहत्नूरला मराठी बोलणारे पुष्कळ, वाचणारे मोजके. 1956 साली भाषेवरून राज्यं वाटली गेली, किनवट मराठी बाजूला गेलं, आम्ही तेलुगू बाजूलाच राहिलो. पाट्या तेलुगूत, पोरं बहुतेक तेलुगू-इंग्रजीत शिकणारी. मराठी पुस्तक हवं तर किनवट-नांदेडला जाणाऱ्याला सांगून ठेवावं लागतं. इतक्या खटपटीनं मागवलेलं पुस्तक अर्ध्यात पडून राहिलं, की घरचे टोमणे मारणारच.

पडून आहे ती भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू – जगण्याची समृद्ध अडगळ' ही कादंबरी. त्यांची आधीची कादंबरी 'झूल' आली 1979 साली, 'हिंदू' 2010 साली. मधली 31 वर्षं आम्ही वाट पाहिली. पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळालं. त्यांची 'कोसला' तर मला इतकी प्रिय, की त्यातली नायकाच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं पुन्हा वाचायचं धाडस होत नाही. मग घोडं अडतं कुठे?

'हिंदू'चा नायक, मोहेंजोदडोत उत्खनन करणारा खंडेराव, वडील अत्यवस्थ असल्याचं कळून खानदेशातल्या मोरगावला निघतो. मग गाव उलगडत जातं: भाऊबंदकी, शेती, घरातल्या बायकांचं सोसणं, लमाणांचे तांडे. हे वाचताना मी हत्नूरमध्येच असतो. कापूस आमचाही, तांडे आमच्याही शिवाराला लागून. साहित्य आपल्या मातीतून यावं हा देशीवाद नेमाड्यांनी ज्याच्यासाठी मांडला तो वाचक म्हणजे मीच की! पण खंडेराव पडला पुराणवस्तूंचा अभ्यासक. म्हातारीनं तोंड उघडलं, की याला लगेच पाच हजार वर्षांची संस्कृती आठवते. शेतकऱ्याची गोष्ट रंगात येते आणि मधूनच प्राध्यापक डोकं बाहेर काढतो.

आमचे एक निवृत्त मास्तर म्हणतात, "तोच तर गाभा आहे. तुम्हाला विचार झेपत नाही." झेपतो हो, पण तो नेमाड्यांच्या 'टीकास्वयंवर' या समीक्षेच्या पुस्तकात झेपतो. तिथे मी वाद ऐकायच्या तयारीनंच बसलेला असतो. आणि मोठ्या नावांची भीड बाळगायची नाही, हे तरी मी कुणाकडून शिकलो? लघुकथेला दुय्यम ठरवताना नेमाड्यांनी कुणाची भीड ठेवली होती?

सध्या वाटेल तिथे पुस्तक उघडतो. मोरगाव असलं की रमतो, व्याख्यान सुरू झालं की पानं उलटतो. मास्तर याला वाचन मानत नाहीत. त्यांना आता 'झूल' नेऊन देणार आहे. ती त्यांनी वाचलेलीच नसावी, असा मला दाट संशय आहे.