निकाल लागला की आधी काय बदलायचं?



शिष्यवृत्तीचा निकाल लागला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सर, आम्ही क्लास बदलला." मागे माझ्या वर्गातल्या एका मुलाचं असंच झालं. यादीत नाव नाही म्हणून क्लास बदलला, पुस्तकं बदलली, शेवटी शाळाही बदलली. पण त्याची उत्तरं नेमकी कुठे चुकली, हे त्याच्याजवळ बसून आम्ही एकदाही पाहिलं नाही. 'आम्ही' म्हणतोय, कारण त्यात मीही आलो.

अशा वेळी मला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ आठवतो. २०१८ च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत तो अव्वल मानांकित होता. पहिल्याच सामन्यात समोर सोळावं, म्हणजे विभागातलं शेवटचं मानांकन असलेला संघ. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर अशा १३५ लढती झाल्या होत्या आणि सगळ्या पहिल्या मानांकनानेच जिंकल्या होत्या. व्हर्जिनिया मात्र ५४-७४ असा हरला. देशभर हसं झालं.

पुढे काय झालं? प्रशिक्षक टोनी बेनेट तेच राहिले. घट्ट बचाव आणि संथ खेळ ही ओळखही टिकली. जिथे कमी पडले, तिथे म्हणजे आक्रमणात बदल केले. काइल गाय या खेळाडूने तर पराभवाच्या क्षणाचा स्वतःचा फोटो सोशल मीडियावर लावून ठेवला. लपवला नाही.

२०१९ मध्ये पहिल्या सामन्यात पुन्हा सोळावं मानांकन, आणि मध्यंतराला व्हर्जिनिया पुन्हा मागे! या वेळी मात्र ते सावरले. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरले असताना ते दोन गुणांनी मागे होते. त्याच गायला तीन फ्री थ्रो मिळाले. तिन्ही आत. ६३-६२! अंतिम सामन्यात जादा वेळेत टेक्सस टेकला ८५-७७ हरवून त्यांनी आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं.

यात नशीब नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिथला एक चेंडू जरी बाहेर गेला असता, तरी करंडक हुकू शकला असता. पण पराभवाकडे डोळे उघडे ठेवून पाहिल्याचं मोल त्यामुळे कमी झालं नसतं.

आपण नेमकं उलटं करतो. मुलाच्या देखत निकालाचा विषय टाळतो, नाहीतर तोच विषय वर्षभर त्याच्या डोक्यावर आपटतो. आणि घाईघाईने सगळंच बदलतो. त्यातून मूल एवढंच शिकतं की अपयश म्हणजे पळून जायची गोष्ट.

म्हणून यंदापासून मी ठरवलंय. निकालानंतर पहिल्या आठवड्यात कुठलाही सल्ला द्यायचा नाही. प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची घेऊन मुलाशेजारी बसायचं. पालकांनीही बसावं. क्लास बदलायचा की नाही, ते त्यानंतर बघू.

तुम्ही काय करता? जरूर कळवा.